भित्तिपत्रक चालवताना : नव्या शिक्षकांसाठी काही अनुभव

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवू लागलो, तेव्हा मुलांनी आपण काय पाहिले आणि काय शिकलो ते लिहून एकमेकांपुढे मांडावे, या हेतूने वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात एक भित्तिपत्रक सुरू केले. पहिल्या दोन महिन्यांत त्यावर जे आले ते आठवले की आजही संकोच वाटतो. ‘पाण्याचे महत्त्व’, ‘माझा आवडता सण’, ‘वृक्ष आपले मित्र’ असे सगळे निबंधमालेतून उतरवलेले, सुवाच्य अक्षरातले लेख होते आणि ते कोणीही वाचत नव्हते. यात मुलांचा दोष नव्हता. विषय मीच दिले होते, आणि जे तपासले जाणार आहे ते कसे लिहायचे, हे मुलांना दुसरी-तिसरीपासूनच ठाऊक झालेले असते.

म्हणून नव्याने या पेशात येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, विषय देऊ नये, प्रश्न विचारावा. आणि त्याचे उत्तर पुस्तकात न सापडता मुलाच्या घरी, परसात किंवा डोंगरावर सापडावे. चतुर्थीच्या आधी मी सातवीला विचारले, ‘तुमच्या माटोळीला यंदा काय काय बांधणार, ते कोण आणणार आणि कुठून?’ माटोळी म्हणजे गणपतीच्या मूर्तीवर टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंग, कवंडाळ आणि रानातली कितीतरी फळे-फुले बांधतात. या वेळी आलेला एकही लेख दुसऱ्यासारखा नव्हता. एका मुलाने सगळे लिहिले, पण एक फळ कुठे मिळते ते मात्र लिहिले नाही, कारण ‘जागा सांगायची नसते’ असे त्याच्या आजोबांनी बजावले होते. तो लेख मी तसाच लावला.

त्याच वेळी एका मुलीने शेरवडाविषयी लिहिले होते : या झुडपाला हिरवी पाने असतात, मधूनच एखादे पांढरे पान असते, ते पांढरे का असते हे आईलाही माहीत नाही. मी घाईत समासात लिहून टाकले, ‘ते पान नव्हे, फुलाची पाकळी आहे.’ दोन दिवसांनी ती शेरवडाची फांदीच घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, ‘सर, मोजून बघा.’ फूल लहान, नारिंगी, खाली नळीसारखे आणि वर पाच पाकळ्यांचे होते. पाचही पाकळ्या जागेवर होत्या, आणि पांढरा भाग त्यांच्या वर्तुळाच्या बाहेर, फुलाच्या बुडाशी होता. तिथे चार बारीक, टोकदार, हिरवी निदले (पाकळ्यांच्या बाहेरच्या वर्तुळातले, कळीला झाकणारे भाग) होती आणि पाचवे निदल वाढून पानाएवढे व पांढरे झाले होते. त्याच गुच्छातल्या बऱ्याच फुलांना असे पांढरे निदल मुळीच नव्हते. म्हणजे ते पानही नव्हते आणि पाकळीही नव्हती. हिरव्या झाडोऱ्यात ही लहान फुले फुलपाखरांना लांबून दिसावीत, यासाठी निदलपुंजाचाच एक भाग पुढे आलेला होता. निदलपुंज आणि दलपुंज हा धडा मी त्या वर्गाला स्वतः शिकवला होता, हे इथे नमूद करणे भाग आहे.

त्या संध्याकाळी मी एका कागदावर माझे काय चुकले, का चुकले आणि ते कोणी दाखवून दिले, हे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या लेखाशेजारी लावले. मधल्या सुट्टीत भित्तिपत्रकासमोर गर्दी झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तेव्हापासून दर पंधरवड्याला मुलांबरोबर माझाही एक कागद असतो. शिक्षक स्वतः लिहीत नसेल, तर हा उपक्रम म्हणजे मुलांना दिलेला आणखी एक गृहपाठ ठरतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

भाषेचा प्रश्न गोव्यात वेगळा आहे, कारण आमची बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठीत लिहितात. वाक्य मराठीत असावे, पण वस्तूचे नाव घरातले असले तर ते खोडू नये. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष आहे. मराठी पुस्तकात त्याला ‘ऐन’ म्हणतात. मुलाने लिहिलेले ‘माट्टी’ खोडून मी वर ‘ऐन’ लिहिले, तर स्वतःच्या डोंगरावरचे झाड त्याला कागदावर ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही नावे शेजारी ठेवावीत. शुद्धलेखनाची दुरुस्ती कच्च्या कागदावर, मुलाला जवळ बसवून, पेन्सिलने करावी. भिंतीवर जाणाऱ्या कागदाला लाल शाई लागू नये.

एक चूक मात्र मला महागात पडली. एका मुलाने घरच्या काजूच्या भाटीविषयी फार सुरेख लिहिले होते : बोंडू तुडवून रस कसा काढतात, पहिल्या वेळी उतरतो तो उराक आणि तो पुन्हा उकळून मिळते ती फेणी, वाफ थंड करणारे पाणी तापले की का बदलावे लागते. ऊर्ध्वपातनाचे इतके स्वच्छ वर्णन मला वर्गात जमले नव्हते, म्हणून मी ते आनंदाने लावले. त्याचे वडील मात्र रागावून शाळेत आले. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे मी त्यांना सांगून पाहिले. पण त्यांचा मुद्दा तो नव्हताच. घरचा धंदा भिंतीवर लावण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले नव्हते. आता घर, उत्पन्न किंवा आजारपण यांचा उल्लेख असलेला लेख मी आधी पालकांना वाचून दाखवतो.

पावसाळ्यात खळीला बुरशी येते, टाचण्या गंजतात आणि स्केचपेनचा रंग ओघळतो. तेव्हा पेन्सिल किंवा बॉलपेन वापरावे आणि कागद दोऱ्याला चिमट्यांनी अडकवावेत. उतरवलेले कागद टाकू नयेत. आमच्याकडे ते एका फाइलमध्ये लावलेले असतात, आणि नवी सातवी आली की पहिल्या तासाला ती फाइल मुलांच्या हाती जाते. सर कुठे कुठे चुकले होते, तेच मुले आधी शोधतात.