फॉर्म्युला स्टुडंटच्या टीममध्ये येताय? आधी नियमावली उघडा

कॉलेज सुरू झालं की वर्कशॉपच्या दारात नवी पोरं येतात. कुठलं डिपार्टमेंट हवं असं विचारलं की निम्मी ‘एरो’ (म्हणजे एरोडायनॅमिक्स) म्हणतात, उरलेली ‘सस्पेन्शन’. ब्रेक्स कुणीच मागत नाही. मलाही ते मिळाले कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. त्यामुळे हा लेख जरा त्या बाजूला झुकेल, चालवून घ्या.

फॉर्म्युला स्टुडंट ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची रेसकार स्पर्धा. आपल्याकडे कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर तिच्या धर्तीवर फॉर्म्युला भारत होते, शिवाय सुप्रा एसएईइंडिया आहेच. मूळ १९८० च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेल्या फॉर्म्युला एसएईचं. विद्यार्थ्यांनी एकाच माणसाची रेसकार डिझाइन करायची, बनवायची आणि चालवायची. पण ट्रॅकवर जाण्याआधी टेक इन्स्पेक्शन, म्हणजे गाडीची तांत्रिक तपासणी, पार करावं लागतं, आणि बऱ्याच गाड्या तिथेच अडकतात. टिल्ट टेबलवर गाडी ६० अंश कलवतात. उलटता कामा नये आणि पेट्रोल-ऑइलचा थेंब गळता कामा नये. ड्रायव्हरला पूर्ण बेल्ट-हेल्मेटनिशी ५ सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे.

म्हणून सांगतो, कॅड (कॉम्प्युटरवरचं डिझाइन) नंतर, नियमावली आधी. इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं, पण पेट्रोल गाडीत सगळी हवा २० मिमीच्या रेस्ट्रिक्टरमधूनच (हवेच्या वाटेतल्या अरुंद भोकातूनच) आत जाते, आणि तो थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या आधी बसला पाहिजे. चार सिलिंडरच्या ६०० सीसी इंजिनाचा या भोकाने जेवढा दम कोंडतो, तेवढा केटीएम ३९० सारख्या सिंगल सिलिंडरचा कोंडत नाही. आपल्याकडच्या अनेक टीम्स तेच वापरतात. हलकं असतं आणि पार्ट्सही सहज मिळतात.

आता ब्रेक टेस्ट. थोडं अंतर वेग घ्यायचा, पेडल दाबायचं, चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत. ऐकायला सोपं आहे. ब्रेक मारताच वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होऊन लगेच लॉक होतात आणि पुढची फिरतच राहतात. बॅलन्स बारने बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) पुढे न्यायचा, तर आता मागची सुटतात. आणि पेडल बॉक्सचं माउंटिंगच वाकत असेल, तर पायाचा जोर मास्टर सिलिंडरपर्यंत (जिथे ब्रेकच्या द्रवावर दाब तयार होतो) पोचतच नाही. नियमात पेडलने २००० न्यूटन सोसावेत असं म्हटलंय ते उगीच नाही. ब्रेक लाइनमधली हवा नीट काढा आणि नवे पॅड घासून बसवल्याशिवाय टेस्टला जाऊ नका.

चासीबद्दल, म्हणजे गाडीच्या सांगाड्याबद्दल, एकच सांगतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ट्यूब ओढली जाते आणि सस्पेन्शनचे पॉइंट जागा सोडतात. तेव्हा पूर्ण फ्रेम जिगवर (ट्यूब जागच्या जागी धरणाऱ्या साच्यावर) टॅक करून, म्हणजे छोट्या टाक्यांनी जोडून घ्या, मग बाजू बदलत बदलत वेल्ड मारा. वेल्डर काका घाईत असले तरी शेजारी उभे राहा. त्यांच्याकडून जे कळतं ते कुठल्या लेक्चरला कळत नाही.

डिझाइनच्या फेरीत परीक्षक ‘काय केलं’ यात फार रमत नाहीत, ‘का केलं’ ते विचारतात. ‘सिनियर्सनी असंच केलं होतं’ हे उत्तर तोंडातून निघालं की समजा संपलं. स्वतःचं गणित वहीत ठेवा, चुकीचं निघालेलं सुद्धा. घरचे विचारतील, ‘याचे मार्क मिळतात का?’ कॉलेजच्या गुणपत्रिकेत बहुतेक नाही मिळत. हजेरीचं मात्र आधीच बोलून ठेवा.

स्पर्धेत सगळ्यात जास्त गुण एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीला. साधारण २२ किलोमीटर, मध्यावर ड्रायव्हर बदलतो. तेव्हा इंजिन बंद करावं लागतं आणि मग तापलेल्या अवस्थेत ते पुन्हा सुरू करायचं असतं. इथे स्टार्टर नुसता फिरत राहतो आणि चांगली पळणारी गाडी स्पर्धेबाहेर पडते. बॅटरी, फ्युएल पंप, गरम इंजिनाचं फ्युएल मॅप (किती इंधन सोडायचं याची सेटिंग) हे सगळं कॉलेजच्या पार्किंगमध्येच तपासा. थंड इंजिनावर केलेला सराव धरायचा नाही.