पोटाला न बाधणारी बी-जीवनसत्त्वाची गोळी निवडताना

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर मळमळत असेल, तर ब्रँड बदलण्याआधी वेष्टनावरचे बारीक अक्षरांतले घटक वाचावेत. त्रासाचे कारण पुष्कळदा बी-३ हे असते. ते ‘निकोटिनिक ॲसिड’ या रूपात आणि जास्त मात्रेत असेल, तर चेहरा लालबुंद होऊन तापतो आणि पोटही बिघडू शकते, तर ‘निकोटिनामाइड’ या रूपात अशी लाली येत नाही. गोळीत लोह किंवा जस्तही मिसळलेले असेल, तर मळमळीचा दोष बी-जीवनसत्त्वांच्या माथी मारण्याआधी हे खनिज नसलेली गोळी घेऊन पाहावी. चघळायच्या गोळ्या सौम्य वाटतात खऱ्या, पण त्यांतल्या सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल या गोडी आणणाऱ्या घटकांमुळे काहींना गॅस होतो.

मात्रेच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. प्रौढ व्यक्तीला दिवसाला बी-१२ सुमारे २.४ मायक्रोग्रॅम आणि बी-६ सुमारे १.३ मिलिग्रॅम पुरते. बी-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास नसांना इजा होऊन हातापायांना मुंग्या येऊ शकतात. म्हणून वैद्यकीय कारण नसेल, तर कमी मात्रेचीच गोळी निवडावी आणि ती उपाशीपोटी न घेता जेवणाच्या मध्यावर पाण्याबरोबर घ्यावी. लघवी गडद पिवळी झाली, तर घाबरू नये, तो बी-२ चा रंग असतो. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध किंवा आम्लपित्ताची औषधे दीर्घकाळ चालू असणाऱ्यांनी मात्र बी-१२ ची तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच मात्रा ठरवावी.