सील शोधण्याआधी ब्रीदर बघा: जुन्या इंजिनाच्या या चुका टाळा

अँबॅसेडरखाली तेलाचा डाग दिसला की नव्या हौशी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "मागचं ऑइल सील कुठे मिळेल?" अहो, 1489 सीसीच्या जुन्या पेट्रोल अँबॅसेडरला मागे सील नसतंच! हे इंजिन मूळचं इंग्लंडच्या बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज. क्रँकच्या मागच्या टोकाला स्क्रूसारखे आटे कोरलेले असतात. क्रँक फिरला की ते तेलाला परत चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याकडे ढकलतात, एवढीच व्यवस्था. आत दाब साठला की ती हरते.

दाब येतो पिस्टनच्या रिंगांमधून निसटणाऱ्या गॅसमुळे. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि नव्याकोऱ्या इंजिनातही ते थोडंफार असतंच. त्या गॅसला वाट म्हणून ब्रीदर पाइप. तो तुंबला की गॅस मिळेल त्या फटीतून निघतो आणि जाताना तेल सोबत नेतो.

साताऱ्याकडच्या एका मुलाने दोन वर्षं पडून असलेली मार्क 3 घेतली. बेल हाउसिंगमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचातून तेल ठिबकायचं, क्लच घसरायचा. गिअरबॉक्स उतरवला, प्लेट बदलली. महिन्याभरात पुन्हा तेच. परत उतरवला, परत नवी प्लेट. तिसऱ्यांदा माझ्याकडे आला तो इंजिनच बाहेर काढायच्या तयारीने. म्हटलं, "अरे बाबा, आधी चालू तर कर." चालू इंजिनावर तेलाचं झाकण उचललं तर फस्सकन धूर बाहेर. ब्रीदर पाइपच्या तोंडाशी हात धरला तर काहीच नाही. पाइप सोडवला. खालच्या तोंडाला कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, आणि वर साइड कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणाच्या आतली जाळी तुपाच्या बेरीसारख्या काळ्या थराने बुजलेली. त्यात गड्याने हौसेने चकचकीत क्रोमचं झाकण लावलेलं, ज्याला श्वास घ्यायला एक भोक नाही. इंजिनाचं नाक-तोंड दोन्ही बंद! कव्हर रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलं, सकाळी हवा मारली, जुनं जाळीचं झाकण परत लावलं. क्लच प्लेट मात्र तिसरी घ्यावीच लागली, कारण तेल प्यालेली प्लेट पुसून सुधारत नाही.

पडून राहिलेली गाडी घेतली की मी बॅटरीच्याही आधी ब्रीदरमध्ये तार घालून बघतो.

दुसरी चूक पाहिली की माझं डोकंच फिरतं. ब्रीदरमधून धूर येतो, तेल टपकतं, म्हणून लोक पाइपात बूच ठोकतात. काय होणार? एखाद्या घाटात तेल मोजायची गेज पट्टी उडते आणि बॉनेटखाली तेलाची रंगपंचमी. याहून हुशार लोक व्हिडिओ बघून ब्रीदरची नळी थेट इनटेक मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीला) जोडतात, मध्ये व्हॉल्व्ह नाही. मग आयडलिंग बिघडतं, इंजिन तेल ओढतं, निळा धूर सोडतं, आणि दोष कार्ब्युरेटरला! याच घराण्यातलं इंजिन असलेल्या एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स कारला 1964 पासून मॅनिफोल्डवर खास व्हॉल्व्ह आला. त्यातला रबरी पडदा फाटला तरी हेच रडगाणं. व्हॉल्व्ह शोभेसाठी नसतो.

धूर भकाभका येत असेल तर कॉम्प्रेशन मोजा. कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोर (सिलिंडरची आतली भिंत) गेलंय. तिथे ब्रीदर कितीही धुवा, इंजिनाचं काम काढावंच लागेल.

साइड कव्हर गळतंय म्हणून बोल्ट आवळत सुटू नका. पत्रा पातळ आहे. बोल्टभोवती दबतो, मध्ये फुगतो आणि दुप्पट गळतो. मी कव्हर लाकडावर उलटं ठेवून छोट्या हातोडीने सपाट करतो, कॉर्कचं पॅकिंग फक्त कव्हरच्या बाजूने चिकटवतो, आणि पाना दोन बोटांत धरून आवळतो. "अजून थोडा टाइट करू का?" असं विचारणाऱ्या पोऱ्याच्या हातून मी पाना काढून घेतो.

सिलिकॉनची ट्यूब पिळू नका. आत लोंबणारे तुकडे तुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतात.

गळती थांबेल म्हणून जाड तेल ओतू नका.

तेल वरच्या खुणेपलीकडे भरू नका. मी दोन खुणांच्या मधोमध ठेवतो.

झाकणाखाली पांढरट साय दिसली की हेड गॅस्केट गेलं म्हणून बोंब मारू नका. आधी रेडिएटरचं पाणी उतरतंय का बघा. पाणी ठीक असेल तर बहुधा आत साचलेली वाफ असते. जुन्या ब्रीदरला गाडी धावतानाच्या वाऱ्याची ओढ लागते. उभ्या गाडीत नुसतं इंजिन घुरघुरवून ती मिळत नाही. रविवारी अर्धा तास हायवेला न्या.

आणि गळती शोधायची तर खालून नको. तेल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे जातं, मग सगळं पाप नसलेल्या बॅक सीलच्या माथी. इंजिन रॉकेलने धुवा, कोरडं करा, टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा किलोमीटर फिरून या. पहिली ओली रेघ जिथे उमटेल तिथे काम. यात अख्खी सकाळ जाते, म्हणून कोणी करत नाही.

साताऱ्याच्या गाडीखाली अजून रात्रीत दोन थेंब पडतात, चढावर नाक वर करून लावली तर चार. त्याने खाली जुना पत्र्याचा ट्रे सरकवून ठेवलाय.