कनिष्ठ गटातील ८०० मीटर : बालेवाडीपासून परदेशातल्या कॉल रूमपर्यंत

पुण्यात मी सात वर्षे ८०० मीटर धावले आणि त्या सात वर्षांत शर्यतीत कोणाचे कोपर लागल्याचे मला आठवत नाही. जिल्हा स्पर्धेत पहिल्या दोनशे मीटरनंतर मी एकटीच पुढे असे, राज्य स्पर्धेत फार तर दोघी-तिघी बरोबर असत, आणि सरावाच्या वेळी सर घड्याळ घेऊन उभे असत तेव्हा आतली लेन माझ्यासाठी मोकळी ठेवलेली असे. वीस वर्षांखालील मुलींच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मी उतरले तेव्हा हीटमधल्या, म्हणजे प्राथमिक फेरीच्या शर्यतीतल्या, नऊ जणींत माझी नोंदलेली वेळ तिसऱ्या क्रमांकाची होती, आणि मी सहावी आले. त्या दोन मिनिटांत आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात काय चुकले, ते आता या वाटेने निघालेल्या मुलींसाठी लिहीत आहे.

पहिली चूक कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी धावपटूंना जिथे हजेरी द्यावी लागते त्या खोलीत, झाली. पुण्यात मी वॉर्मअप संपवून, दोन-तीन वेगवान धावा काढून, थेट सुरुवातीच्या रेषेवर जात असे. मोठ्या स्पर्धेत मात्र वॉर्मअप वेगळ्या ट्रॅकवर होतो, तिथून ठरलेल्या मिनिटाला कॉल रूममध्ये हजर व्हावे लागते, आणि उशीर झाला तर नाव बाद होते. तिथे छातीवरचा क्रमांक, संघाचा पोशाख, बुटांचे खिळे आणि तळव्याची जाडी तपासली जाते. मोबाइल आणि इयरफोन काढून घेतले जातात. सिंथेटिक ट्रॅकवर खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी तळव्याची जाडी २० मिलिमीटरच्या आत हवी, तेव्हा जुन्या नियमाच्या काळातले कोणाचे बूट मिळाले असतील तर आधी मोजून घ्यावेत. ही तपासणी झाल्यावर आम्ही बाकावर जवळजवळ पंचवीस मिनिटे बसून होतो. मी गारठले, आणि त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या मुलींचे पाय बघत बसले. वॉर्मअपमधली शेवटची वेगवान धाव उशिरा ठेवावी, अंगावर उबदार कपडे असावेत, आणि बसल्या जागी घोटे व मांड्या हलवत राहण्याची सवय घरीच लावून घ्यावी, एवढे तरी मला कोणी सांगायला हवे होते.

दुसरी चूक भूमितीची होती. ८०० मीटरमध्ये पहिले वळण आपापल्या लेनमध्ये धावायचे असते. वळण संपते तिथे आडवी वक्र रेघ असते आणि तिच्यावर छोटे शंकू ठेवलेले असतात. त्या रेघेच्या आधी आत आले तर धावपटू बाद ठरते, हे सगळ्यांना माहीत असते. रेघ ओलांडल्यावर किती घाईने आत यायचे, हे फार थोड्यांना माहीत असते. मी सातव्या लेनमध्ये होते आणि रेघ ओलांडताच पंधरा मीटरांत आत घुसले. समोरची सरळ बाजू चौऱ्याऐंशी मीटरांची असते. तिच्या दुसऱ्या टोकावर नजर ठेवून तिरपे गेले असते तर मला फूटभरच अंतर जास्त पडले असते, घाईमुळे मी दीड मीटरहून अधिक घालवले. शिवाय आत गेल्यावर पुढे दोघी, उजवीकडे एक आणि मागे एक अशी कोंडले गेले, ज्याला आमच्याकडे ‘बॉक्स होणे’ म्हणतात. सुटण्यासाठी मी बाहेर आले आणि उरलेला बहुतेक वेळ बाहेरूनच धावले. लेनची रुंदी १.२२ मीटर असते, त्यामुळे एक लेन बाहेरून धावणाऱ्या मुलीला प्रत्येक वळणावर सुमारे पावणेचार मीटर जास्त धावावे लागते. तीन वळणांचे साडेअकरा मीटर होतात, आणि २:१० च्या वेगाने धावणाऱ्या मुलीचे त्यात पावणेदोन सेकंदांहून अधिक जातात. २०२२ साली कोलंबियातल्या कॅली येथील जागतिक वीस वर्षांखालील स्पर्धेत रॉइसिन विलिसने १:५९.१३ वेळेत सुवर्णपदक घेतले, तेव्हा कांस्यपदक मिळवणारी तिच्यामागे सुमारे एक सेकंद होती.

विलिसची ती वेळ टिंटू लुकाने २०१० मध्ये क्रोएशियातल्या स्प्लिट येथे नोंदवलेल्या १:५९.१७ या भारतीय विक्रमापेक्षाही सरस आहे, हे वाचून धीर सोडण्याचे कारण नाही, कारण आदल्याच वर्षी, २०२१ मध्ये, उंचावरच्या नैरोबीत हीच अंतिम शर्यत २:०२.९६ वेळेत जिंकली गेली होती. पदकाच्या शर्यतीत पहिली फेरी कधी संथ जाते, कधी पेटते, आणि आपल्याला दोन्ही धावता यावे लागते.

म्हणून सराव बदलावा लागतो. पुण्यात त्यासाठी लागणारे सगळे आहे: २००८ ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि २०१३ ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा ज्या मैदानावर झाली ते बालेवाडीचे क्रीडासंकुल, सारसबागेजवळचे सणस मैदान, आणि चढाच्या धावांसाठी लॉ कॉलेज टेकडी. नाही ती गर्दी, आणि ती मुद्दाम जमवावी लागते. आता मी मुलींना आठवड्यातून एकदा सात-आठ मुलग्यांबरोबर ६०० मीटर धावायला लावते. सुरुवात शेवटून करायची, चारशे मीटरपर्यंत आतली लेन सोडायची नाही, आणि पुढच्या दोघांमध्ये फट पडण्याची वाट बघायची. महिन्यातून एकदा पूर्ण वॉर्मअप झाल्यावर वीस मिनिटे बाकावर बसवते आणि लगेच ३०० मीटर धाव काढायला सांगते. सणसवर सकाळी चालायला येणारे काका-काकू थांबून विचारतात, ‘‘पोरी दमल्या का हो?’’

शरीराबद्दल मुलींना जे उशिरा कळते, तेही इथेच लिहिते. माझी पाळी पाच महिने बंद होती आणि शिबिरातल्या एका जाणत्या माणसाने ‘‘बरेच झाले, कटकट गेली’’ असे म्हटले. ते मी खरे मानले आणि पुढच्या हंगामात नडगीच्या हाडाला तडा गेल्याने अकरा आठवडे घरी बसले. पाळी थांबणे हे बहुधा खाणे धावण्याला पुरत नसल्याचे लक्षण असते, आणि त्याची झळ हाडांना पोहोचते. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जावे, आणि वजन कमी कर म्हणणाऱ्याचे लगेच ऐकू नये. हिमोग्लोबिनबरोबर शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही तपासून घ्यावे, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. जेवणावर लगेच चहा घेतल्याने अन्नातले लोह कमी शोषले जाते. पुणेकराला हे पाळणे जड आहे, पण चहा तासभर पुढे ढकलता येतो. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि स्पर्धेच्या काळात त्यावर बंधन आहे, म्हणून औषधाच्या दुकानातून विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. जागतिक स्पर्धेसाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १९ किंवा त्याहून कमी असावे लागते आणि एका देशाच्या दोघीच एका शर्यतीत धावू शकतात, त्यामुळे पात्रता वेळ गाठूनही देशात तिसरी आलेली मुलगी घरी राहते. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांवरचे नाव अक्षरशः एकसारखे आहे ना, हे दहावीतच पाहून घ्यावे.

हीटमध्ये बाहेर पडल्यावर मी रडून खोलीवर गेले आणि उपांत्य फेरी पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी संघाच्या मॅडमनी मला हाताला धरून अंतिम शर्यतीला स्टँडमध्ये बसवले आणि वहीत दर दोनशे मीटरला प्रत्येकीचे स्थान लिहायला लावले. जिंकलेली मुलगी त्या वहीत दोनशेला पाचवी, चारशेला चौथी आणि सहाशेला दुसरी आहे, आणि त्या पूर्ण वेळात ती एकदाही पहिल्या लेनच्या बाहेरच्या रेघेपलीकडे गेलेली नाही.