पाऊस उघडल्यावर डोंगरात गाडी काढताय? या चुका टाळा

पाऊस उघडला की साताऱ्याकडच्या आमच्या जावळीत माणसं दोन कामं करतात. गोधड्या अंगणात उन्हाला टाकतात आणि पडवीत उभी असलेली मोटारसायकल बाहेर ढकलतात. गोधड्या दोन दिवसांत खडखडीत वाळतात. गाडीतली ओल दिसत नाही, म्हणून तीही वाळली असं आपण धरून चालतो. मेढ्याच्या वरच्या अंगाला राहायला आल्यापासून माझी गाडी जितक्या वेळा रस्त्यात बसली, त्यातली निम्म्याहून जास्त वेळा अश्विन-कार्तिकात. भर पावसात माणूस जपून असतो. आभाळ निळं झालं की त्याला वाटतं, सुटलो.

दसऱ्याचं धुणं

पहिली चूक सणाच्या दिवशीच होते. पाण्याची मोटर लावायची, पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबायचं आणि चाकाच्या मधोमध, चावीच्या भोकात, स्विचांवर फवारा मारायचा. चिखल निघतो, त्याबरोबर बेअरिंगमधलं ग्रीसही धुऊन निघतं. गाडी बादलीनं आणि फडक्यानं धुवा. चेन पुसून कोरडी झाल्यावरच तिला तेल द्या, ओल्यावर तेल मारलं तर गंज आत कोंडतो. धुतल्यावर लगेच घाटाला लागू नका. ड्रममध्ये पाणी असतं तोवर मागचा ब्रेक नावालाच असतो. सपाटीवर पाच-सात वेळा हलका ब्रेक मारत गाडी फिरवली की तो ताळ्यावर येतो.

आणि माळ. पहिल्या वर्षी मी हौसेनं झेंडूची जाडजूड माळ हँडलला गुंडाळली होती. केळघर घाटातल्या पहिल्याच वळणावर हँडल पुरतं वळेना, कारण फुलांचा एक गोंडा हँडल आणि टाकीच्या मध्ये अडकला होता. कसाबसा कठड्याअलीकडे थांबलो. मागून येणाऱ्या शेजारच्या आबांनी थांबून आधी माळ तोडली, मग मला सुनावलं, "माळ देवाला घाल बाबा, हँडलला न्हाय." तेव्हापासून आमची माळ पूजेपुरती, निघायच्या आधी उतरवायची.

गाडी चालू होते, दोन किलोमीटरवर बंद पडते

हा आजार मला तीन दिवस छळत होता. गाडी झकास चालू व्हायची, दोन किलोमीटरवर गचके देऊन बंद. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, फरक शून्य. शेवटी मेढ्यातल्या मिस्त्रीनं गाडी बंद पडल्यापडल्या टाकीचं झाकण उघडलं. 'फुस्स' असा आवाज आला, आणि गाडी एका किकमध्ये चालू.

टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा आत यावी लागते. माझ्या गाडीत ती एका बारीक नळीतून येते आणि त्या नळीचं टोक गाडीच्या पोटाखाली उघडं असतं. त्यात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलं होतं. हवा बंद, म्हणून पेट्रोल बंद. पातळ तार घालून ते सुकं ढेकूळ काढलं, आत दोन कोळी होते, तिनं पिल्लांसाठी साठवलेले. खर्च शून्य रुपये, त्याआधी वाया गेले ते वेगळे. गाडी बरेच दिवस उभी असेल तर सगळ्या लोंबत्या नळ्यांची टोकं आणि चावीचं भोक आधी बघा. सीटखालीही डोकवा. उंदरांना वायरीवरचं वेष्टण आवडतं आणि एअर फिल्टरच्या डब्यात घरटंही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर दमट पडवीत ठेवली तर रिकाम्या भागात आतून घाम धरतो आणि ते पाणी पेट्रोलमध्ये उतरतं. गाडी उभी करून ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. ठेवली नसेल आणि आता इंजिन फडफडत असेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही.

१ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या बीएस-६ गाड्यांबद्दल एक गैरसमज इथे अजून आहे. बॅटरी उतरली की चार पोरं बोलवायची आणि उतारावर ढकलस्टार्ट मारायचा. जुन्या गाडीला ते चालायचं. या नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असतं. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो, बॅटरी पार मेलेली असेल तर गाडी उताराच्या तळाशी जाऊन थांबते आणि मग पोरांना ती वर ढकलावी लागते.

घरात ओल नको तिथे असते, हवी तिथे नसते

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी पावसाळ्यात कुणी बघत नाही, कारण वीज इतक्या वेळा जाते की बॅटरी चालतेय यातच समाधान. पाऊस संपला की पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट तळाला गेलेले दिसतात. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे ॲसिड ओतणं. बॅटरीतून पाणी उडतं, ॲसिड उडत नाही. घालायचं ते डिस्टिल्ड पाणी, बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत. झऱ्याचं पाणी कितीही गोड असलं तरी त्यात क्षार असतात. ते आपल्याला चांगले, बॅटरीला नाहीत.

अर्थिंगचं गणित उलटं. पावसात जमीन भिजलेली असते, त्यामुळे कसलंही अर्थिंग चालून जातं. उघडीप झाली की कातळावरची पातळ माती भराभर सुकते आणि अर्थिंग गुपचूप निकामी होतं. नेमक्या त्याच दिवसांत परतीचा पाऊस दुपारनंतर ढग जमवून विजा पाडतो. बाजारात मिळणारी सर्ज, म्हणजे विजेचा अचानक येणारा झटका, रोखणारी पट्टी महाग घेतली तरी अर्थिंग नसेल तर ती फक्त लांब बोर्ड. अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता, कोळसा-मीठ जुनं झालं असेल तर वायरमन बोलवून बदला. ढग गडगडायला लागले की टीव्ही, डिश आणि राउटर यांच्या पिना भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशची वायर तर बॉक्समधूनही काढा, ती थेट छपरावरून आत येते. 'फायबरचं इंटरनेट आहे, त्यातून वीज येत नाही' हे खरं आहे, पण राउटरचा अ‍ॅडॅप्टर फायबरवर चालत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. आमच्याकडे ते शेतावर जाणाऱ्या बायकांच्या फोनमध्येही आहे, आणि माझ्या मते या गावात सगळ्यात कामाचं ॲप तेच.

सोलर पॅनेलवर पावसाळ्यात शेवाळाचा पातळ थर बसतो. तो सकाळी लवकर, काच गार असताना मऊ फडक्यानं पुसा. तापल्या काचेवर गार पाणी मारू नका.

घाट उतरताना

पुण्या-मुंबईकडून पोरं फुलं बघायला कासला येतात. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून सुमारे २५ किलोमीटर. चढताना कुणाचं काही बिघडत नाही, उतरताना बिघडतं. 'पेट्रोल वाचतं' म्हणून गाडी न्यूट्रलवर सोडायची सवय अनेकांना आहे. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या गिअरमध्ये उतारावर असताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असताना इंजिनाला पेट्रोल देणंच थांबवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावला ती बचतही होत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा एसटीच्या ड्रायव्हरांचा जुना नियम दुचाकीलाही तंतोतंत लागू आहे.

स्कूटरवाल्यांना ही सोय पूर्ण नाही. स्कूटर खूप हळू झाली की आतला क्लच आपोआप सुटतो आणि इंजिनाची ओढ नाहीशी होते. मग ती मोकळी घरंगळते, आणि बिचारा चालक दोन्ही ब्रेक आवळून बसतो. अशा वेळी अधूनमधून ॲक्सिलरेटर किंचित उघडून क्लच धरू द्या, मग सोडा. ब्रेक सतत दाबून ठेवण्यापेक्षा दाबा-सोडा, दाबा-सोडा असं करा.

डिस्क ब्रेकच्या तेलातही ओल शिरते. डॉट-४ तेल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी ओढलेलं जुनं तेल १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. तेल उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि ब्रेकचा दांडा लोण्यासारखा आत जातो. तसं झालं तर थांबा, अर्धा तास थांबा, फोटो काढा. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका. तेल दोन वर्षांनी बदलतात, पण आमच्या गावात ते बदलायचं असतं हेच बहुतेकांना ठाऊक नाही. मलाही नव्हतं.

रस्त्याचं म्हणाल तर उन्हातला डांबरी भाग निर्धोक दिसतो. धोका झाडाखालच्या वळणात असतो. तिथे शेवाळ अजून जिवंत असतं आणि सकाळी दवानं पुन्हा बुळबुळीत होतं. पावसानं वाहून आणलेली बारीक खडी वळणाच्या आतल्या कडेला साचते. गवत वाढून साइडपट्टी झाकली जाते, त्यामुळे समोरून एसटी आली म्हणून डावीकडे घ्यावं तर खाली डांबर आहे की चर, कळत नाही. आणि भाताची काढणी सुरू झाली की रस्त्यावर पेंढा पडलेला असतो. पेंढ्यावर ब्रेक मारणं म्हणजे तेलावर मारणं. त्यावरून हँडल सरळ ठेवून, काही न दाबता जा. शेतकऱ्यावर चिडू नका, खळं घालायला त्याच्याकडे तेवढीच सपाट जागा आहे.

फोनवर किती भरवसा

गुगल मॅप्समध्ये दुचाकीचा पर्याय भारतात २०१७ च्या डिसेंबरात आला. शहरात तो गल्लीबोळ शोधून देतो, डोंगरात तीच हुशारी महागात पडते. जवळचा म्हणून दाखवलेला रस्ता वनखात्याची बैलगाडीवाट निघतो, किंवा शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठाला येऊन संपतो आणि पलीकडे जायला लाँचच. निघायच्या आधी नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाच्या चित्राला लागतं. आणि टपरीवर विचारा, "वरंध चालू हाय का?" तो घाट पावसाळ्यात किती वेळा बंद पडतो हे टपरीवाल्याला ॲपच्या आधी कळतं.

रेंज नसलेल्या खोऱ्यात फोन टॉवर शोधत राहतो आणि दुपारपर्यंत बॅटरी खलास. एरोप्लेन मोड टाका, जीपीएस तरीही चालतं. अडचणीत ११२ लावून बघा, तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर कॉल जातो. फोन हँडलला कायमचा बांधून ठेवण्याबाबत ॲपलनंच २०२१ साली सांगितलं आहे की मोठ्या इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं फोकस आणि थरथर सावरणारी यंत्रणा बिघडू शकते. बाकी खिशात पाचशेची सुट्टी रोकड ठेवा. पंक्चरवाल्याच्या भिंतीवर क्यूआर असतो, पण रेंज त्याच्या म्हशीच्या गोठ्यामागे येते.

परतीला अंधार झाला तर

कार्तिकात दिवस झटकन बुडतो. महाबळेश्वर-तापोळ्याच्या बाजूला संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. हॉर्न वाजवून, लांबचा दिवा तोंडावर मारून ते हलत नाहीत, उलट बिथरतात. गाडी चांगली लांब थांबवा, दिवा खाली करा, इंजिन चालू राहू द्या. एक गेला म्हणून लगेच निघू नका. मागून दुसरा येतो, आणि पिल्लू असेल तर ते सगळ्यात शेवटी.