मुलांना घेऊन गाडीने दक्षिणेत निघताय? या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही पुण्याहून निघालो. बरोबर पाच वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी आणि सासूबाई. चित्रदुर्ग, म्हैसूर, उटी, कोची आणि येताना किनाऱ्याकिनाऱ्याने मंगळूर, कारवार, गोवा. अडीच हजार किलोमीटर, पाच राज्यं, बारा दिवस. पहिल्या रात्री साडेदहा वाजता चित्रदुर्ग अजून लांब होतं. धाकटी रडून रडून घामाघूम झाली होती, थोरल्याला दोनदा उलटी झाली होती आणि पुढे बसलेले आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. मुलांनी फार त्रास दिला, असं तेव्हा म्हणून गेलो. घरी आल्यावर वही काढून तो दिवस तासातासाने लिहिला तेव्हा कळलं, की मुलांचं काहीच चुकलं नव्हतं. दिवसच आम्ही चुकीचा आखला होता. त्यानंतर याच रस्त्याने आणखी दोनदा गेलो. त्यातून जे शिकलो ते इथे देते आहे.

किलोमीटर मोजू नका, बसण्याचे तास मोजा

पुणे ते चित्रदुर्ग साधारण ६४० किलोमीटर. नकाशा अकरा तास दाखवतो. मोठी माणसं दोन चहा आणि एक जेवण घेऊन तेवढ्यात पोहोचतातही. पण नकाशाला सू, शी, डायपर, खाली पडलेली खेळण्यातली गाडी, बदलायचा शर्ट हे काही माहीत नसतं. आम्हाला पंधरा तास लागले.

आता आमचा हिशोब असा: मुलं सहा वर्षांच्या आतली असतील तर चाकं फिरण्याचे तास दिवसाला सहाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, आणि दर दोन तासांनी किमान अर्धा तास खाली उतरायचं. तान्हं बाळ असेल तर हा दोन तासांचा नियम मोडायचाच नाही. कारसीटमध्ये मान पुढे झुकून बसणं बाळाच्या श्वासासाठी बरं नसतं. या हिशोबाने पुण्याहून पहिला मुक्काम बेळगावला पडतो, सुमारे ३४० किलोमीटरवर. कोल्हापूरपर्यंत रुंदीकरणाचं काम आणि वळवलेले सर्व्हिस रोड यांत वेळ जातो, तो धरला तरी तेवढं एका दिवसाला पुष्कळ आहे.

थांबण्याच्या जागाही आधी ठरवा, आणि त्या जागी पळायला मोकळं हवं. हॉटेलात खुर्चीवर बसवलं तर मुलांच्या दृष्टीने ती विश्रांती नाहीच, गाडीतलं बसणं तिथेही चालूच राहतं. बेळगाव सोडल्यावर धारवाडच्या अलीकडे कित्तूर लागतं, राणी चेन्नम्मांचं. हमरस्त्यापासून किल्ला अगदी जवळ आहे. वाड्याचे अवशेष, मोकळं आवार, सावली. अर्धा तास मुलं तिथे धावली की हुबळीपर्यंत शांत असतात. त्याच दिवशी पुढे दावणगेऱ्यात बेण्णे डोसा. तो लोण्याचा, मऊ आणि बिनतिखट असल्याने मुलं स्वतः मागून खातात. पुढे चित्रदुर्गच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागतात. थोरला त्या मोजतो, धाकटी नुसती ओरडते. हा तास आम्हाला कधीच लांब वाटला नाही.

पहाटे चारला निघण्याचा हट्ट

आपल्याकडे लांबच्या प्रवासाला पहाटे निघायचं हे जणू ठरलेलंच. मुलं झोपलेली राहतील, सातारा कधी गेला कळणारही नाही, हे खरंच आहे. पण आदल्या रात्री बारापर्यंत बॅगा भरून तीनला उठलेला चालक हे या बेताचं दुसरं टोक आहे. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराला सर्वात जास्त झोप येते. त्यात खंबाटकीचा घाट आणि कडेला बिनदिव्यांचे उभे ट्रक. माझ्या नवऱ्याला सुरूरजवळ क्षणभर डुलकी लागली होती. गाडी रस्त्याकडेच्या पट्ट्यांवरून खडखडली म्हणून तो जागा झाला. त्या क्षणाची आठवण आली की अजून पोटात गोळा येतो.

बॅगा दोन दिवस आधी डिकीत. आदल्या संध्याकाळी सातला जेवण, नऊला सगळे झोपलेले. साडेपाचला निघा. मुलांना रात्रीच्याच कपड्यांत उचलून बसवा, तोंड वगैरे साताऱ्यात धुता येतं.

मांडीवरचं बाळ

यावरून घरात वाद होतात, आमच्याकडेही झाला. “मी घट्ट धरते, माझी दोन्ही मुलं अशीच वाढली,” असं सासूबाई मायेनेच म्हणत होत्या. मी त्यांना गणित करून दाखवलं. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं बाळ सुमारे १४० किलोंच्या ओढीने पुढे फेकलं जातं. कोणाच्याच हातात तेवढं बळ नसतं. त्यांनी ते ऐकलं, आणि परतीच्या प्रवासात पट्टा लागलाय की नाही हे त्याच तपासत होत्या.

कायदाही हेच सांगतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा कारसीटविना नेलं तर १,००० रुपये दंड आहे. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या मानेवर आणि पोटावर येतो, म्हणून साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत मुलाला उंच बसवणारी बूस्टर सीट लागतेच. मागे तोंड करून बसवायची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नका.

मूल सीटमध्ये बसतच नसेल तर प्रवासाच्या दिवशी त्यावर उपाय सापडत नाही. दोन आठवडे आधी सीट घरात जमिनीवर ठेवा, त्यात बसवून गोष्ट सांगा. मग रोज भाजी आणायला जाताना दहा मिनिटं बसवा. प्रवासात रडू फुटलंच तर पट्टा सोडू नका, गाडी थांबवा. एकदा रडण्यामुळे पट्टा सुटला, की पुढचे अकरा दिवस ते रडून बघणारच.

एक चूक फक्त उटीत होते. थंडी म्हणून मुलाला जाड जॅकेट घालायचं आणि त्यावरून पट्टा आवळायचा. धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल होतो. जॅकेट काढा, पट्टा लावा, वरून शाल पांघरा.

उटीची वाट

सर्वात जास्त चुका इथेच होतात.

पहिली चूक ऋतूची. दिवाळी म्हटलं की आपल्या डोक्यात पाऊस संपलेला असतो. तामिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच परतीच्या, म्हणजे ईशान्य मान्सूनच्या पावसाचा काळ. निलगिरीत तेव्हा धुकं, निसरडे घाट आणि कुन्नूर–मेट्टुपाळयम रस्त्यावर दरडी. मे महिन्यात गर्दी इतकी की घाटात गाडी तासन्‌तास हलत नाही. लहान मुलांबरोबर जानेवारी–फेब्रुवारी उत्तम. शाळेमुळे जमत नसेल आणि दिवाळीतच जायचं असेल, तर उटीसाठी एक दिवस जास्तीचा ठेवा. दरड पडली तर तिथेच थांबता येतं.

दुसरी चूक वेळेची. म्हैसूरहून उटीला जाताना बंदीपूर आणि मुदुमलईचं जंगल लागतं. रात्री ९ ते सकाळी ६ हा रस्ता खासगी गाड्यांना बंद असतो. म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय बघून “संध्याकाळी निघू” म्हणणारी कुटुंबं जंगलाच्या अलीकडे गुंडलुपेटला अडकतात आणि मुलं उपाशी असताना रात्री खोली शोधत फिरतात. दुपारी दोनच्या आत म्हैसूर सोडा. जंगलात गाडी थांबवायला बंदी आहे, तिथे हत्ती असतात. त्यामुळे कोणाला लागली असो वा नसो, सगळ्यांची सू गुंडलुपेटलाच उरकून घ्या.

तिसरी चूक कागदाची. मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार उटी आणि कोडाईकॅनॉलला जायला ई-पास लागतो. सुट्ट्यांच्या काळात रोजच्या गाड्यांवर मर्यादाही घातली जाते. पास घरूनच काढा. नाक्यावर फोनला रेंज नाही आणि मागच्या सीटवर दोन मुलं रडताहेत, अशा वेळी फॉर्म भरणं फार अवघड जातं. निलगिरीत प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर बंदी असल्याने पाणी स्टीलच्या बाटल्यांत घ्या.

चौथी चूक घाटाची. मसिनगुडीहून कल्हट्टीचा रस्ता अंतराने कमी आहे, पण छत्तीस तीव्र वळणांचा खडा चढ आहे. उतरताना तर बाहेरच्या गाड्यांना तिथून सोडत नाहीत. गुडलूरवरून जाणारा रस्ता लांब पडतो, पण चढ अंगावर येत नाही. लहान मुलं असतील तर तोच घ्या.

उलटी: आधी काय, नंतर काय

दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी जास्त लागते. कानातला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतोय’ म्हणतो आणि डोळे मोबाइलवर खिळले असतील तर ते ‘आपण स्थिर आहोत’ म्हणतात. या भांडणातून मळमळ सुरू होते. म्हणून घाटात मूल शांत राहावं यासाठी फोन हातात देणं, ही सर्वात सामान्य आणि सर्वात उलटी पडणारी युक्ती आहे. सपाट रस्त्यावर हवं तर अर्धा तास द्या, घाट सुरू होण्याआधी काढून घ्या.

घाटाआधी तासभर दूध नको, तळलेलं नको, आणि उपाशीही ठेवू नका. आमच्याकडे दशमी किंवा कोरडी इडली चालते. काच थोडी उघडी, नजर समोर लांबवर, गाडी हळू. मूल जांभया द्यायला लागलं, पांढरं पडलं, अचानक गप्प झालं, की पाच मिनिटांत उलटी होणार असं धरून चाला आणि सुरक्षित जागा बघून थांबा. झाल्यावर लगेच पोटभर पाणी पाजू नका, ते परत बाहेर येतं. दहा मिनिटांनी चमच्या-चमच्याने द्या. मुलाच्या पायाशी एका पिशवीत जुना टॉवेल, दोन शर्ट, ओले पुसणे आणि झाकणाचा डबा ठेवा. पहिल्या खेपेला हे सगळं डिकीत तळाशी होतं. दोन वर्षांखालच्या मुलाला उलटीचं औषध आपल्या मनाने देऊ नका, त्यावरच्यांनाही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच द्या.

परराज्यातलं औषध आणि जेवण

कोचीत धाकटीला ताप भरला. घरची बाटली संपत आली होती, म्हणून दुकानातून पॅरासिटामॉलचं सिरप आणलं आणि नेहमीसारखं झाकणभर ओतणार इतक्यात लेबल वाचलं. घरच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध होतं, नव्या बाटलीत २५०. म्हणजे दुपटीहून जास्त डोस गेला असता. मुलाचं वजन आणि डॉक्टरांनी दिलेला डोस मिलिग्रॅममध्ये लिहून पाकिटात ठेवा, आणि पूर्ण प्रवासाला पुरेल एवढं औषध घरूनच न्या.

ओआरएसचंही तसंच. फळांच्या चवीची गोड पेयं त्या नावाने विकली जायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं असं लिहिलेली पूड घ्या आणि मोठं पाकीट सबंध एक लिटर पाण्यातच मिसळा. मूल पीत नाही म्हणून अर्ध्या पेल्यात घट्ट करून देणं धोक्याचं आहे.

जेवणाची काळजी दक्षिणेत खरं तर कमी आहे. इडली, दहीभात, अप्पम, पुट्टू, नेंद्र केळं सगळीकडे मिळतं. अडचण फक्त तिखटाची. कर्नाटकात ‘खारा बेडा’, तामिळनाडूत ‘कारम वेण्डाम’, केरळात ‘एरिवु वेण्डा’, हे तीन शब्दप्रयोग पाठ करा. तिकडच्या हॉटेलांतली माणसं बाळाकडे बघून भाताबरोबर तूप आपणहून आणून देतात, हा आमचा दर वेळचा अनुभव. घरून मेतकूट, भाजलेल्या रव्याचा डबा आणि छोटा विजेचा कुकर नेला, की रात्रीची चिंता मिटते.

टोलसाठी फास्टॅगची केवायसी आणि शिल्लक निघण्याआधी तपासा. टॅग चालला नाही तर जास्त पैसे भरावे लागतात. हमरस्त्यावर गाडी बंद पडली तर १०३३ लावा. मदत येईपर्यंत मुलांना गाडीत बसवून ठेवू नका. कठड्यापलीकडे, रस्त्यापासून लांब उभं करा.

परतीचा दिवस

जाताना सगळे सांभाळून जातात. येताना मात्र “आता काय, घरच गाठायचंय” म्हणून एका दिवसात मंगळूर ते पुणे करायला बघतात. तोवर चालक थकलेला असतो, मुलांची झोप बिघडलेली असते आणि खाऊ संपलेला असतो. परतीलाही तीन दिवस द्या. कुंदापूरच्या पुढे मरवंतेला रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. आमची मुलं तिथे दोन तास खेळली. मग गोकर्णला मुक्काम, दुसरा सावंतवाडीला. आंबोलीचा घाट सकाळच्या उजेडात चढायचा, धुकं असेल तर ते निवळेपर्यंत खालीच थांबायचं.

आणि शाळा सोमवारी असेल तर शनिवारी घरी या. मधल्या रविवारी मुलं दुपारी चार तास झोपतात, तुम्ही कारसीटचं कापड धुऊन वाळत घालता, आणि सीटखालून खारकेच्या बिया, एक मोजा आणि मरवंतेची वाळू निघते.