विद्यार्थ्यांसाठी पॉडकास्ट: आधी खोली बघा, मग माइक

तासाभराचं व्याख्यान जसंच्या तसं रेकॉर्ड करून टाकू नका; फळ्याकडे बोट दाखवून म्हटलेलं 'हे बघा' ऐकणाऱ्याच्या काही कामाचं नसतं. एक संकल्पना, आठ-दहा मिनिटं, बस्स.

आवाज बिघडतो तो बहुतेकदा खोलीमुळे. रिकाम्या वर्गात घुमलेला आवाज नंतर सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. म्हणून पडदे, पुस्तकांची कपाटं असलेली लहान खोली निवडा आणि पंखा बंद करा. माइक तोंडापासून वीतभर, पण किंचित बाजूला. अगदी समोर धरला की 'प', 'फ', 'भ' फटकन फुटतात. बोलताना रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला आवाजाच्या पातळीचा काटा वजा १२ ते वजा ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्याला टेकला की आवाज फाटतो, मग पुन्हा रेकॉर्ड करण्यावाचून इलाज नाही.

फाइल एमपीथ्री, मोनो (डाव्या-उजव्या कानाला एकच आवाज), ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट): दहा मिनिटांना जेमतेम ५ एमबी. (स्टिरिओ इथे निव्वळ वजन वाढवतो.)

ब्लॉगवर ऑडिओखाली पूर्ण लेखी मजकूर, आकृत्या आणि '४:२० सूत्राची मांडणी' अशा वेळखुणा द्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची सोय होते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हवा तेवढाच भाग सापडतो. खाली 'कसं वाटलं?' विचारलंत तर 'छान सर' एवढंच येईल. त्यापेक्षा मुद्दाम एक चूक असलेलं उदाहरण टाका आणि ती शोधायला सांगा.